घोडेवाल्याच्या वहीतले चौल

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले आणि आक्षी, नागाव मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाड्या लागतात. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, गडग्याआड विहीर आणि विहिरीपासून झाडांच्या बुडख्यांकडे गेलेला पाट. या सावलीत चौल नेमके कुठे सुरू होते ते सहज कळत नाही. अलिबागपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेले हे गाव म्हणजे पाखाड्या, देवळे, तळी आणि वाड्या यांचा पसरट विस्तार आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, कुंडलिकेच्या खाडीच्या तोंडाशी रेवदंडा, आणि खाडीपलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोरलईचा किल्ला. टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचे नाव येते, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत चेमुलच्या दात्यांची नोंद आहे, अरब प्रवाशांनी याला सैमूर म्हटले. हजार वर्षांहून अधिक काळ जगाला ठाऊक असलेले हे शहर आज बाहेरगावच्या माणसाला मुख्यतः दोन किल्ल्यांमुळे माहीत असते.

माझा आक्षेप इथेच आहे. रेवदंड्याचा कोट, त्यातला सातखणी मनोरा, कोरलईची तटबंदी हे सगळे पाहण्यासारखे आहेच. पण या दगडांना फक्त सत्तेची भाषा येते. १५०८ मध्ये चौलसमोरच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा पडला, १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला, १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने तो महिनोन्‌महिने वेढला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला, एवढे दगड सांगतात. या गावात माणसे काय नेसत होती, काय शिजवत होती, पाहुण्याला कुठे उतरवत होती, पाऊस लागला की व्यापाराचे काय होत होते, याबद्दल ते मुके आहेत. चौलचे खरे महत्त्व मात्र याच गोष्टींत आहे, आणि त्यांची साक्ष आपल्याला मिळते ती पोर्तुगीजांच्याही आधी इथे उतरलेल्या एका युरोपीय माणसाच्या वहीतून. तो राजदूत नव्हता, धर्मप्रचारक नव्हता. विकायला एक घोडा घेऊन आलेला तो लहान व्यापारी होता.

अफानासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. १४६० च्या दशकात तो नदीमार्गे व्यापाराला निघाला. अस्त्रखानजवळ लूट झाली, माल गेला आणि बरोबरची धर्मपुस्तकेही गेली. परत जाण्याची सोय उरली नाही, म्हणून तो दर्बंद, बाकू, मग इराण ओलांडत होर्मुझला पोहोचला. तिथे त्याला कळले की हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत आणि चांगल्या घोड्याला भाव येतो. एक घोडा घेऊन तो गलबतात बसला आणि मस्कत, गुजरात, खंबायत असा किनारा धरत १४७० च्या आगेमागे चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला यायला तेव्हा जवळजवळ तीस वर्षे अवकाश होता. चौल त्या वेळी बहमनी सुलतानाच्या मुलखात होते. बहमनी फौजेला घोडदळ हवे होते आणि घोडा समुद्रावरूनच येणार होता. त्यामुळे या बंदराची सगळी चलती एका जनावराभोवती फिरत होती. निकितिनच्या हिशेबाने त्याच्या एका घोड्यापायी शंभर रूबल खर्च झाले होते. एवढे पैसे ज्याने एकाच जनावरात गुंतवले आहेत, तो माणूस रस्ता, चारा, मुक्काम आणि जकात यांकडे डोळ्यांत तेल घालून बघणार. त्याची नोंद विश्वासाला पात्र होते ती या गरजेतून.

चौलबद्दल त्याने लिहिलेले थोडेच आहे, पण ते रस्त्यावर उभे राहून लिहिल्यासारखे आहे. इथली माणसे उघडीच फिरतात, बायकांच्या डोक्यावर वस्त्र नसते, केसांची एकच वेणी असते, घरोघर मुले पुष्कळ, लहान मुलेमुली नागडीच हिंडतात. आणि तो जाईल तिथे गोऱ्या माणसाचे नवल करीत लोक मागून येतात. ‘उघडी’ हा शब्द वाचून आजचा वाचक दुखावतो, आणि ते चुकीचे नाही. परदेशी माणसाने आपल्या पूर्वजांना नागवे ठरवले, असे वाटणारच. पण पुढच्याच ओळींत तो काय सांगतो ते पाहावे. इथल्या सरदाराच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. त्याच्या मानकऱ्यांच्या खांद्यावर एक आणि कमरेला एक. घरच्या बाईचेही एक वस्त्र खांद्यावरून, दुसरे कमरेला. शिपाई अनवाणी, कमरेपुरते गुंडाळलेले, हातात ढाल-तलवार नाहीतर तिरकमठा. ही पागोटे, उपरणे, धोतर आणि लुगडे यांची यादी आहे. त्वेरच्या हिवाळ्यात शिवलेल्या, अस्तर लावलेल्या, अंगाला बांधलेल्या कपड्यांत वाढलेल्या माणसाला न शिवलेले कापड हा कपडाच वाटला नाही, म्हणून त्याने ‘उघडी’ लिहिले. तरी हाताने नोंद मात्र अचूक झाली. विशेषण त्याच्या देशाचे आहे आणि तपशील आपल्या देशाचा. विशेषण बाजूला ठेवून तपशील घ्यायला शिकलो, की अशा प्रवाशांशी भांडण उरत नाही.

मागे लागलेल्या गर्दीचेही असेच. चौलला परदेशी माणूस नवा असण्याचे कारण नव्हते. अरब, इराणी, खोरासानी व्यापाऱ्यांची इथे शतकानुशतके ये-जा होती. दहाव्या शतकात मसूदीने इथल्या मोठ्या मुसलमान वस्तीचा उल्लेख केला आहे. याच किनाऱ्यावरच्या गावांत बेने इस्रायली कुटुंबे तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. अशा ठिकाणी एका गोऱ्या माणसामागे गर्दी का जमावी? मला याचा अर्थ असा लागतो की धक्क्यावरचे चौल आणि वाड्यांतले चौल ही दोन वेगळी जगे होती. धक्क्यावरचा हमाल, दलाल, घोडेवाला परक्याकडे मान वळवून पाहणार नाही. निकितिन मात्र पाखाडीतून, विहिरींपाशी, बाजारातून चालला असला पाहिजे, आणि तिथली मुले, बाया, गडी त्याच्या मागून निघाले. बंदर जगाशी जोडलेले आणि गाव आपल्या वाडीशी जोडलेले, ही चौलची घडण त्या एका वाक्यातून जितकी कळते तितकी एखाद्या फर्मानातूनही कळणार नाही.

चौलहून निकितिन घाटाकडे वळला. वाटेत त्याने पाली हे नाव दिले आहे. त्यावरून आज आपल्या डोळ्यांसमोर बल्लाळेश्वराची पाली येते. पुढे जुन्नर. तिथल्या दुर्गाचे त्याने केलेले वर्णन शिवनेरी पाहिलेल्या कोणालाही ओळखू येईल: माणसाने न बांधलेले, देवानेच उभे केलेले खडकाचे बेट, आणि दोन माणसे शेजारून जाऊ शकणार नाहीत अशी चढणीची वाट. जुन्नरला त्याला पावसाने गाठले. या ऋतूला तो ‘हिवाळा’ म्हणतो. पुढे गोव्यातले पोर्तुगीजही पावसाळ्याला हिवाळाच म्हणत आले, कारण जहाजे किनाऱ्याला लावून घरात बसायचा काळ तो हिवाळा, असे त्यांचे गणित होते. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. तो जो आकडा देतो तोच आपल्या पंचांगात चातुर्मास म्हणून बसलेला आहे. या दिवसांत इथे नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात, हेही तो सांगतो, आणि इथे मात्र त्याला तपासावे लागते. भात पावसाचा, गहू आणि हरभरा पाऊस ओसरल्यावरचे, रब्बीचे. म्हणजे त्याने दोन हंगाम एकात घातले, किंवा पुढे पाहिलेली पेरणी मागच्या पानात लिहिली. ही चूक दिसते म्हणून वही फेकून द्यायची नसते. ती कुठे चुकते हे आपल्याला आपल्या शेतावरून कळते, आणि म्हणूनच ती कुठे बरोबर आहे हेही कळते.

घोड्यांच्या खाण्याची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. घोड्यांना इथे हरभरा घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, असे तो लिहितो. ‘खिचडी’ हा शब्द जवळजवळ याच उच्चाराने पंधराव्या शतकातल्या रशियन वहीत उतरला आहे. दख्खनमध्ये घोडा किती महाग होता याचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत हजारोंच्या आकड्यांनी येतो. पण तुपाची खिचडी खाणारा घोडा एकदा समोर आला की त्या आकड्यांना अर्थ येतो. त्याच वहीत इतरत्र असे लिहिले आहे की या देशात रयत फार गरीब आणि सरदार अतोनात श्रीमंत आहेत. दोन्ही नोंदी एकापुढे एक ठेवल्या तर बहमनी सत्तेचा ताळेबंद समोर येतो. असा ताळेबंद सुलतानाच्या पदरी असलेला बखरकार मांडणार नाही. मांडला असता तर त्याची नोकरी राहिली नसती.

जुन्नरला त्याचा घोडा तिथल्या खानाने काढून घेतला. माणूस मुसलमान नाही असे कळल्यावर खानाने अट घातली: धर्म बदल, मग घोडा परत आणि वर हजार मोहरा. मुदत चार दिवसांची. एका खोरासानी ख्वाजाने मध्ये पडून त्याला सोडवले आणि घोडाही मिळवून दिला. हा प्रसंग केवळ छळाची कथा म्हणून वाचला तर अर्धाच हाती येतो, कारण छळणारा आणि सोडवणारा दोघे एकाच धर्माचे होते, आणि निकितिनने दोघांचीही नोंद केली आहे. पुढे बीदरच्या बाजूला हिंदूंशी त्याची ओळख वाढली. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, असे त्याने त्यांना सांगितल्यावर ते त्याच्यापासून आपले जेवण, व्यवहार, पूजा लपवीनासे झाले. मग तो लिहू शकला की ही माणसे दिवसातून दोनदा जेवतात, उजव्या हाताने जेवतात, सुरी-चमचा वापरत नाहीत, प्रवासात प्रत्येकाचे शिजवायचे भांडे वेगळे असते, आणि एका जातीचा माणूस दुसऱ्या जातीबरोबर खात-पीत नाही, सोयरीक करीत नाही. आपल्या समाजाची ही सर्वांत मोठी जखम त्याने जेवणाच्या पंगतीत पाहिली, धर्मग्रंथात वाचून लिहिली नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की बाहेरच्या माणसाची साक्ष आपण इतकी का मानावी. आपल्याकडे रोजचे जगणे लिहिणारे कोणी नव्हते काय? होते, आणि हे मान्य केलेच पाहिजे. तेराव्या शतकातले लीळाचरित्र उघडले तर त्यात गावे, घरे, भाज्या, भांडणे, पायवाटा यांचा असा जिवंत पट आहे की कोणत्याही परदेशी प्रवाशाने हेवा करावा. पण तो पट गोदाकाठचा आणि वऱ्हाडचा, आणि त्याच्या मध्यभागी श्रीचक्रधर आहेत. चौलच्या किनाऱ्याला लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटासारखा कोणी मिळाला नाही. इथले लेख दानाचे, इथल्या सनदा हक्काच्या, इथली कागदपत्रे सत्तेची. आपली खिचडी, आपली वेणी, आपला चार महिन्यांचा चिखल यांबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाने लिहिले नाही, कारण त्याला ते लिहिण्यासारखे वाटले नाही. परक्याला वाटले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निकितिन ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवतो. वानरांचा राजा असतो आणि त्याची फौज असते, असे तो लिहितो. ‘गुकुक’ नावाचा पक्षी रात्री ओरडतो, ज्या घरावर बसेल तिथे मरण येते, आणि त्याला मारायला गेले तर चोचीतून आग निघते, हेही लिहितो. पण घरावर घुबड बसले तर अशुभ, हे आपल्या आजीने सांगितलेले आठवणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला त्या पक्ष्याची ओळख लगेच पटते. चोचीतली आग खोटी. घराच्या पाख्यावर बसलेल्या पक्ष्याची भीती खरी. प्रवाशाने ती भीती जशी ऐकली तशी लिहून ठेवली, आणि तीही रोजच्या जगण्याचाच भाग आहे. तिसरा आक्षेप त्याच्या बायकांविषयीच्या नोंदींचा, आणि तिथे मी त्याचा बचाव करणार नाही. व्यापारी वाटेवरच्या उतारशाळांत त्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याने सगळ्या देशातल्या स्त्रियांवर लादले. एकट्या, घरापासून वर्षानुवर्षे दूर असलेल्या पुरुषाची ती नजर आहे, आणि त्या ओळींतून त्या पुरुषाखेरीज काही कळत नाही.

तरीही त्याचा मूळ प्रामाणिकपणा टिकतो, याचे एक कारण वहीच्या हेतूत आहे. पुढच्या शतकात हिंदुस्थानची वर्णने युरोपात छापून विकली जाऊ लागली. वार्थेमा या प्रवाशाचे पुस्तक १५१० मध्ये रोममध्ये निघाले. विकायचे पुस्तक म्हटले की लेखकाला साहस वाढवून सांगावे लागते. निकितिनला काही विकायचे नव्हते. उलट तो आपल्या देशबांधवांना बजावतो की इथे आपल्या कामाचा माल नाही. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे फार. मनातले कढ आणि प्रार्थना तर तो तुर्की-फारसी-अरबी यांच्या मिश्र बोलीत लिहितो. पुस्तके लुटली गेल्यामुळे ईस्टर कधी येतो हेही त्याला कळेनासे झाले होते, आणि त्याचे दुःख वहीभर पसरलेले आहे. स्वतःच्या अपयशाचा असा हिशेब मांडणारा माणूस दुसऱ्याच्या घरच्या तुपाबद्दल खोटे कशाला बोलेल?

शंभर वर्षांनंतर आलेल्यांच्या नोंदी त्याला पुढे नेतात. १५८३ मध्ये इंग्रज व्यापारी राल्फ फिच चौलला उतरला. एक चौल पोर्तुगीजांचे, समुद्रालगत तटबंद. दुसरे थोडे आत, निजामशहाचे, असे त्याने लिहिले. रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी माल यांची यादी दिली, आणि मग तो माडावर थांबला. या झाडापासून दारू, तेल, साखर, दोर, शाकारायची झापे, चटया सगळे मिळते. शेंड्याच्या पोईला मडके बांधतात आणि सकाळ-संध्याकाळ ते रिकामे करतात. भिंती शेणाने सारवतात हेही त्याने टिपले. त्याच दशकात गोव्यात असलेल्या लिन्शोटेन या प्रवाशाने चौलच्या कारागिरांचे रेशीमकाम आणि लाखेने रंगवलेले पलंग, पेट्या, चौरंग यांचे कौतुक केले. आज यातले काय उरले? लाखेचे पलंग गेले, रेशमाचे माग गेले; इथले काही विणकर सतराव्या शतकात नव्याने वाढणाऱ्या मुंबईला निघून गेले. व्यापार सुरतेकडे आणि मुंबईकडे सरकला. चौल ओस पडले ते एखाद्या वेढ्याने नव्हे. माग हलले तेव्हा ते ओस पडले, आणि हे कोणताही तट सांगत नाही.

उरली ती वाडी. माड, पोफळ, मडके, झापे, सारवलेले अंगण. खाडीपलीकडे कोरलई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. ‘नौ लिंग’, आमची भाषा, असे तिचे नाव. किल्ल्यातली सत्ता १७४० मध्ये गेली, बोली राहिली. म्हणून चौल पाहायला येणाऱ्याने रेवदंड्याच्या शाळेच्या आवारातल्या निकितिनच्या स्मारकापासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. त्याच्या त्वेर गावी व्होल्गाकाठी १९५५ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत दिग्दर्शकाबरोबर त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. तो स्वतः मात्र घरी पोहोचला नाही. दाभोळहून तो जहाजाने परत निघाला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वही मॉस्कोला गेली आणि १४७५ च्या सुमारास तिथल्या इतिवृत्तात शिरली. स्मारकापाशी आलेल्याला त्या वहीतले खाणे, नेसणे आणि पावसाचे चार महिने मराठीत वाचायला मिळाले, तर समोरच्या रस्त्याने पुढे निघताना त्याला वाड्या वेगळ्या दिसतील.

या वाड्यांना मात्र किल्ल्यासारखे कोणतेही संरक्षण नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत माड-पोफळी मुळांसकट आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून पहिली सुपारी धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात, आणि तोवर वाडीवाल्याला विहिरीचे पाणी पाटाने फिरवावेच लागते. झाडावर चढणारे पाडेली कमी होत आहेत, शेजारच्या जमिनीला पर्यटकांच्या बंगल्यांसाठी भाव येतो आहे, आणि एकदा वाडी विकली गेली की तिथे पुन्हा वाडी होत नाही. कोटाचा एखादा बुरूज ढासळला तर निदान त्याची छायाचित्रे आणि मोजमापे उरतात. पोईला मडके कसे बांधायचे, पाट कुठून वळवायचा, मिरवेल कोणत्या पोफळीवर चढवायची, हे ज्याच्या हाताला माहीत आहे त्याच्याकडे जाऊन कोणीतरी आजच, तारीख घालून, लिहून घ्यायला हवे.